बाळाचे वजन : आकडा नव्हे, रेषा पाहा

कोल्हापूर : बाळंतिणीला भेटायला आलेला पाहुणा दोन प्रश्न हमखास विचारतो. बाळ कुणावर गेले आहे, हा पहिला. वजन किती भरले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर घरात हसतखेळत वाद होतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बाळाच्या आईला अनेकदा दबक्या आवाजात द्यावे लागते. 'जावेचा मुलगा याच वयात केवढा गुटगुटीत होता', 'अंगावरचे दूध पुरत नसावे', 'एखादा डबा सुरू करून बघ' अशी वाक्ये मग ओघानेच येतात. शहरातील बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात निरोगी तान्ह्या मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांच्या मनातही बहुधा हीच शंका असते : बाळ बाळसे धरत नाही, काही दोष तर नाही ना?

तालमींच्या या शहरात अंगापिंडाने भरलेल्या मुलाचे कौतुक अंमळ जास्तच. गंगावेशीतील दूधकट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध पिणे हा येथील अभिमानाचा भाग आहे आणि 'पैलवान' हे तान्ह्या मुलाचेही लाडके विशेषण आहे. हे कौतुक निरागस आहे. मात्र त्यातून तयार होणारा दबाव बाळाच्या आईवर येतो आणि त्या दबावाखाली घेतलेले निर्णय काही वेळा बाळाच्याच वाढीच्या आड येतात. दुसरीकडे, वजनाच्या काट्याने दिलेला खरा इशारा 'आमच्याकडची मुले बारीकच असतात' असे म्हणून दुर्लक्षिला जातो. काळजी अनाठायी कोणती आणि रास्त कोणती, हे ओळखण्यासाठी वजनवाढीचे शास्त्र थोडे समजून घ्यावे लागते. ते फारसे अवघड नाही.

पहिल्या आठवड्यातील घट

नव्या पालकांना बसणारा पहिला धक्का प्रसूतिगृहातच बसतो. जन्मतः २ किलो ८०० ग्रॅम असलेले बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी २ किलो ६०० ग्रॅम भरते. ही घट स्वाभाविक आहे. जन्माच्या वेळी शरीरात असलेले जास्तीचे पाणी आणि आतड्यातील काळसर शी बाहेर पडते आणि आईला पहिले दोन-तीन दिवस येणारे चीक-दूध प्रमाणाने थोडे असते. त्यामुळे निरोगी बाळाचे वजन जन्मवजनाच्या ५ ते ७ टक्के उतरते. १० टक्क्यांपर्यंतची घटही दिसू शकते. तथापि ती १० टक्क्यांच्या जवळ पोहोचली, तर बाळ स्तन नीट पकडते की नाही, हे डॉक्टरांनी वा परिचारिकेने समोर बसून पाहिले पाहिजे.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून वजन पुन्हा चढू लागते आणि १० ते १४ दिवसांत बाळ आपल्या जन्मवजनावर परत येते. दोन आठवडे पूर्ण होऊनही जन्मवजन भरून निघाले नसेल, तर पाहुण्यांच्या मताची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. वजनाच्या संदर्भातील हा पहिला महत्त्वाचा टप्पा आहे.

वेग सारखा राहत नाही

त्यानंतरच्या तीन महिन्यांत बाळ सर्वाधिक वेगाने वाढते. दिवसाला सरासरी २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे महिन्याला सुमारे पाऊण ते एक किलो, अशी ही वाढ असते. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ती दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास येते. सहा महिन्यांनंतर ती आणखी मंदावते आणि वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत दिवसाला १० ते १२ ग्रॅमवर, म्हणजे महिन्याला ३०० ते ४०० ग्रॅमवर स्थिरावते. ढोबळमानाने पाच महिन्यांच्या सुमारास जन्मवजन दुप्पट, वर्षाला तिप्पट आणि दोन वर्षांना चौपट होते. २ किलो ८०० ग्रॅमचे बाळ वर्षाला ८ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास असणे, हा या हिशेबाचा अर्थ आहे.

अनेक पालकांची चिंता आठव्या-नवव्या महिन्यात उफाळून येते, ती याच कारणाने. आधीच्या महिन्यांत भराभर वाढलेला काटा आता हलत नाही, असे त्यांना वाटते. या वयात मूल रांगू लागते, धरून उभे राहू लागते. खाण्यापेक्षा घरातील भांडी आणि चपला त्याला अधिक महत्त्वाच्या वाटतात. वेग कमी होणे हा निसर्गक्रम आहे. पहिल्या तिमाहीचा वेग वर्षभर टिकला असता, तर पहिल्या वाढदिवशी मूल १२ किलोंच्या पुढे गेले असते.

तक्ता कुणाच्या मुलांवरून?

बाळाचे वजन 'योग्य' आहे की नाही, हे डॉक्टर वाढीच्या तक्त्यावरून ठरवतात. हा तक्ता आला कुठून, याची माहिती पालकांना सहसा नसते. ती रंजक आहे आणि कित्येक मातांवर झालेल्या अन्यायाचे मूळही तीत सापडते.

वाढीची रेषा कागदावर काढून ती आईच्या हाती देण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेय ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले यांना दिले जाते. नायजेरियातील खेड्यांत काम करताना त्यांनी हे 'आरोग्याच्या वाटेचे' कार्ड वापरात आणले. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने अमेरिकेतील मुलांच्या मोजमापांवर आधारलेला तक्ता आंतरराष्ट्रीय संदर्भ म्हणून स्वीकारला. यातील तान्ह्या मुलांची मोजमापे मुख्यतः एकाच प्रदेशातील होती आणि त्यांतील बहुतेक मुले बाटलीने डब्याचे दूध पिणारी होती.

अंगावरचे दूध पिणारी मुले पहिले दोन-तीन महिने भरभर वाढतात आणि नंतर डब्याचे दूध पिणाऱ्या मुलांपेक्षा किंचित सावकाश वजन घेतात. ही त्यांची नैसर्गिक चाल आहे. जुन्या तक्त्यावर मात्र तीन-चार महिन्यांनंतर त्यांची रेषा खाली झुकलेली दिसे. परिणामी, निरोगी बाळाच्या आईलाही 'तुझे दूध कमी पडते' असे सांगितले जाई आणि घरात डबा व बाटली येई. दोष आईच्या दुधात नव्हता. ज्या मुलांशी तुलना होत होती, ती मुलेच वेगळ्या आहारावर वाढलेली होती.

ही त्रुटी दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत मोठा अभ्यास केला. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका येथील सुमारे ८,५०० मुलांची मोजमापे त्यात घेण्यात आली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील होती. माता धूम्रपान न करणाऱ्या, मुले स्तनपान घेणारी आणि घरची परिस्थिती वाढीला पोषक, अशीच कुटुंबे निवडण्यात आली. अशी परिस्थिती मिळाल्यावर या दूरदूरच्या देशांतील मुले पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ सारखीच वाढतात, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले. त्यावर आधारलेली मानके एप्रिल २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि नंतरच्या काही वर्षांत आपल्याकडील अंगणवाड्यांतही लागू झाली. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वयोगटासाठी स्वतंत्र भारतीय तक्ते प्रसिद्ध केले. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर हे त्या कामात अग्रभागी होते. पाच वर्षांखालील मुलांसाठी मात्र संघटनेनेही जागतिक आरोग्य संघटनेचीच मानके कायम ठेवली.

रेषा कशी वाचावी?

नव्या मानकांनुसार सहा महिन्यांच्या मुलाचे मध्य वजन ७.९ किलो आणि मुलीचे ७.३ किलो आहे. वर्षाच्या मुलाचे ते ९.६ आणि मुलीचे ८.९ किलो आहे. पालक नेमकी इथेच चूक करतात. मध्य म्हणजे उत्तीर्ण होण्याची रेषा, असे ते समजतात. शंभर निरोगी मुले वजनाच्या क्रमाने रांगेत उभी केली, तर मध्यावर उभ्या असलेल्या मुलाचे ते वजन आहे. निम्मी निरोगी मुले त्याच्या खाली असणारच. वर्षाची मुलगी ८ किलोची असेल तर ती मध्याच्या खाली आहे, पण आजारी वा कुपोषित नाही. सहा महिन्यांचा मुलगा ६.४ किलोंच्या आणि मुलगी ५.७ किलोंच्या खाली असेल, तर त्यांना 'कमी वजनाचे' म्हटले जाते. वर्षाला हीच सीमा मुलासाठी ७.७ आणि मुलीसाठी ७ किलो आहे.

मुलगा आणि मुलगी यांचे तक्ते वेगळे असतात. शेजारच्या मुलाशी आपल्या मुलीची तुलना करणे म्हणूनच मुळात चुकीचे ठरते. त्याच वेळी 'मुलगी आहे, नाजूकच असायची' असे म्हणून तिच्या घसरत्या रेषेकडे डोळेझाक करणेही तितकेच चुकीचे आहे. तिची तुलना मुलींच्याच तक्त्याशी होते आणि त्या तक्त्यावर नाजूकपणाची सवलत आधीच धरलेली असते.

एका दिवशीचे वजन हा केवळ एक ठिपका आहे. तीन-चार ठिपके जोडल्यावर जी रेषा तयार होते, ती बोलते. खालच्या बाजूने का होईना, पण छापील वक्ररेषांना समांतर चालणारे बाळ आपल्या चालीने वाढत आहे. याउलट, आधी वरच्या पट्ट्यात असलेले बाळ एकामागोमाग दोन ठळक रेषा ओलांडून खाली आले, तर त्याचे वजन अजून 'सामान्य' पट्ट्यात दिसत असले तरी कारण शोधायला हवे. रेषा सपाट होणे हा इशारा आहे आणि रेषा खाली वळणे हा त्याहून गंभीर इशारा आहे.

याला काही अपवाद आहेत. जन्मतः थोराड असलेले, पण आईवडील चणीने लहान असलेले मूल सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान हळूहळू आपल्या घराण्याच्या मापावर येते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे लागते. दोन महिने आधी जन्मलेले सहा महिन्यांचे बाळ तक्त्यावर चार महिन्यांचे धरले जाते आणि ही सुधारणा साधारण दोन वर्षांपर्यंत करतात. वजनाबरोबरच लांबी आणि डोक्याचा घेर मोजणेही आवश्यक असते. लांबी वाढत असताना केवळ वजन मागे पडणे आणि दोन्ही एकदम थांबणे, यांची कारणे वेगळी असतात.

काटाही फसवतो

घरच्या मोठ्यांच्या काट्यावर आधी आईने बाळासह उभे राहायचे, मग एकटीने, आणि वजाबाकी करायची, ही पद्धत तान्ह्या बाळासाठी भरवशाची नाही. अशा काट्यात १००-२०० ग्रॅमची चूक सहज होते आणि बाळाची आठवड्याची सगळी वाढ तेवढीच असते. ओले लंगोट, अंगातील स्वेटर, नुकतेच प्यायलेले दूध, एवढ्यानेही आकडा बदलतो. एका दवाखान्यात ५ किलो ४०० आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे ५ किलो २०० भरले, म्हणजे बाळ रात्रीत २०० ग्रॅम उतरले, असे नव्हे.

त्यासाठी बाळांचा काटा, शक्यतो प्रत्येक वेळी तोच, वापरावा. काटा शून्यावर आहे याची खात्री करून बाळाला कपड्यांविना, दूध पाजण्यापूर्वी तोलावे. रोज वजन करण्याने केवळ धास्ती वाढते. बाळ निरोगी असेल, तर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीकरणाच्या वेळी आणि त्यानंतर सहा, नऊ व बारा महिन्यांना केलेली नोंद पुरेशी असते. अंगणवाडीत दरमहा वजन होते. कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या वा आजारी बाळांचे वजन किती वेळा करायचे, हे डॉक्टर ठरवतात.

दूध पुरते की नाही?

पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. पाणी, मध, घुटी, ग्राइप वॉटर यांपैकी कशाचीही गरज नसते. मधातून क्वचित प्रसंगी घातक जिवाणूंचे बीज पोटात जाऊ शकते, म्हणून तो वर्षापर्यंत टाळावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावेत.

दूध पुरते की नाही, हे बाळाच्या रडण्यावरून ठरत नाही. बाळ ऊब हवी म्हणून, झोप आली म्हणून, पोटात वात धरला म्हणूनही रडते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवस-रात्रीत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी होणे, पिताना गिळण्याचा आवाज येणे, पिऊन झाल्यावर बाळाच्या मुठी सैल पडणे आणि वजनाची रेषा चढती असणे, ही दूध पुरत असल्याची लक्षणे आहेत. या गोष्टी जुळत असतील, तर आईच्या दुधावर शंका घेण्याचे कारण उरत नाही.

वजन खरोखरच कमी वाढत असेल, तरी पहिला उपाय डबा हा नव्हे. प्रथम पाजण्याची पद्धत तपासावी. बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्र असेल, भोवतालचा काळा भाग नसेल, तर त्याला दूध कमी मिळते आणि आईला वेदना होतात. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणे, रात्रीचे पाजणे न चुकवणे, एक बाजू रिकामी झाल्यावर दुसरी देणे, एवढ्या बदलांनी अनेक बाळांचे वजन आठवडाभरात वाढू लागते.

येथे एक दुष्टचक्र लक्षात घ्यायला हवे. बाळ जितके ओढते, तितके दूध तयार होते. शंकेपोटी दिवसातून दोन बाटल्या सुरू केल्या की बाळ तेवढे कमी ओढते, दूध तेवढे कमी तयार होते आणि महिन्याभरात 'दूध पुरत नाही' ही शंका खरी ठरते. घरात केवळ बोलून दाखवलेल्या काळजीचा हा परिणाम असतो. डबाबंद दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर देशात १९९२ च्या कायद्याने बंधने आली. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला आणि दोन वर्षांखालील मुलांच्या तयार आहाराच्या जाहिरातीही बंद झाल्या. मात्र नातलगांच्या सल्ल्याला कोणताही कायदा लागू होत नाही. आईच्या आजारपणामुळे वा अन्य कारणाने वरचे दूध देणे भाग पडते, तेव्हा ते डॉक्टरांना विचारून, सांगितलेल्या मापानेच आणि वाटी-चमच्याने वा बोंडल्याने द्यावे. त्याबद्दल आईने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

दुधाच्या जिल्ह्यातील पथ्ये

कोल्हापूर जिल्ह्याच्या अर्थकारणात दुधाचे स्थान मोठे आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाचा 'गोकुळ' हा शिक्का घरोघरी पोहोचला आहे. साहजिकच, बाळाचे वजन वाढवायचे तर म्हशीचे दूध, असा अनेक घरांतील समज आहे. तथापि गायी-म्हशीच्या दुधात लोह अत्यल्प असते आणि प्रथिने व क्षार तान्ह्या मुलाच्या मूत्रपिंडाला झेपतील त्याहून अधिक असतात. ते लवकर व जास्त प्रमाणात दिल्यास बाळ गुबगुबीत दिसते, पण रक्ताने फिके पडते. म्हणूनच वर्षापर्यंत हे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असतो. धारोष्ण, न उकळलेले दूध तर लहान मुलाला कधीच देऊ नये. क्षयरोगासह अनेक रोगांचे जंतू त्यातून येऊ शकतात.

दुसरी चूक याच्या अगदी उलट आहे. 'जड पडेल' म्हणून दुधात निम्मे पाणी घातले जाते. पोट भरते, पण पोषण निम्मे मिळते. डब्याच्या दुधाची पावडर सांगितल्यापेक्षा कमी घालून डबा पुरवण्याचा प्रयत्नही होतो. वजन न वाढणाऱ्या बाळाच्या पालकांना डॉक्टर दूध कसे तयार करता, हे बारकाईने विचारतात, ते याचसाठी.

उष्टावणानंतरची उपासमार

सहा महिने पूर्ण झाले की नुसते दूध पुरत नाही. उष्टावण थाटात होते, फोटो निघतात, पण नंतर ताटात येते ते वरणाचे पाणी, भाताची पातळ पेज आणि बिस्कीट. या वयात बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम एक वाटी मावते. ती वाटी पाण्याने भरली तर अन्नाला जागा राहत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला ३०० आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला ५५० किलोकॅलरी वरच्या अन्नातून मिळाव्यात, अशी अपेक्षा आहे. पेजेच्या वाटीतून त्या मिळत नाहीत.

अन्न चमचा तिरका केला तरी चटकन ओघळणार नाही, इतके दाट असावे. मऊ खिचडी किंवा वरण-भात कुस्करून त्यावर चमचाभर साजूक तूप, नाचणीची खीर, उकडलेला बटाटा किंवा रताळे, केळे, शेंगदाण्याचे बारीक कूट घातलेली लापशी, दही, आणि खाणाऱ्या घरांत अंडे व मासे, हे सारे या वयात चालते. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा भरवावे. कोल्हापूरचा गूळ कितीही नावाजलेला असला, तरी वर्षापर्यंत गूळ-साखर आणि मीठ वरून घालण्याची गरज नाही. या काळातही आईचे दूध चालूच ठेवावे, ते दोन वर्षे आणि पुढेही देता येते.

या टप्प्यावरील दुर्लक्ष किती व्यापक आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून दिसते. २०१९-२१ च्या पाहणीनुसार देशातील ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी केवळ ११ टक्क्यांच्या आसपास मुलांना पुरेसा आहार मिळत होता. हा केवळ गरिबीचा प्रश्न नाही. सुस्थितीतील घरांतही पातळ पेज आणि बिस्किटांवर मुले वाढतात.

भूक वाढवणारी पातळ औषधे आणि वजन वाढवणारी टॉनिके यांचा आग्रह पालक धरतात. कमी आहार किंवा लपलेला आजार, यांपैकी कशावरही ती उपाय नाहीत. मोबाइल दाखवून वा नाक दाबून भरवल्याने तर मुलाला अन्नाचीच भीती बसते.

काळजी रास्त केव्हा?

वजनाच्या तक्रारीमागे बहुतेक वेळा आहाराचे कारण असते, पण प्रत्येक वेळी नव्हे. पुढील गोष्टी आढळल्यास विलंब न लावता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे :

● दोन आठवड्यांत जन्मवजन भरून न निघणे, किंवा नंतर केव्हाही वजन घटणे.

● पिताना बाळाला धाप लागणे, कपाळावर घाम येणे, थोडे पिऊन थकून सोडून देणे. हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते.

● दर वेळी पिचकारीसारखी जोरात उलटी होणे किंवा उलटीचा रंग हिरवा असणे.

● दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहणे, विशेषतः शी पांढुरकी होणे.

● लघवी कमी होणे, बाळ मलूल असणे, पाजण्यासाठी प्रत्येक वेळी उठवावे लागणे.

● वारंवार जुलाब, दीर्घ खोकला, किंवा कारण न सापडणारा ताप. लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्गात कधी कधी वजन न वाढणे हेच मुख्य लक्षण असते.

● दोन्ही पायांवर सूज येणे. अशा वेळी सुजेमुळे वजन फसवे जास्त भरते.

● सहा महिन्यांनंतर दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे. हे तीव्र कुपोषणाचे माप आहे.

दुसऱ्या बाजूचे वास्तव

शहरी सुशिक्षित घरांतील बरीचशी चिंता अनाठायी असते, हे खरे. मात्र 'काळजी करू नका' हे वाक्य महाराष्ट्रात सरसकट उच्चारता येत नाही. याच राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील पाच वर्षांखालील ३६ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आणि ३५ टक्के मुले खुंटलेल्या उंचीची होती. ही संख्या केवळ मेळघाट किंवा पालघरमधील नाही. तिच्यातील अनेक घरांत कुणी बाळाच्या वजनाची चौकशीही केलेली नसते. काही ठिकाणी काळजीचा अतिरेक आणि काही ठिकाणी तिचा संपूर्ण अभाव, असे हे विषम चित्र आहे.

वजनाची साधी नोंद जीव वाचवू शकते, याचा धडाही महाराष्ट्रानेच दिला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील शिकवलेल्या महिलांकडून नवजात बालकांना घरी जाऊन तपासण्याचा, तोलण्याचा आणि उपचार करण्याचा प्रयोग केला. त्यातून नवजात मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगापुढे आले. आज आशा कार्यकर्त्या पहिल्या दीड महिन्यात ठरावीक दिवशी घरी येऊन बाळाचे वजन करतात, त्या कार्यक्रमाचे मूळ या प्रयोगात आहे.

गुटगुटीत म्हणजे सुदृढ?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी अनेकांना चकित केले. या गावांतील बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे सर्वच मापांत लहान होती, पण त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. स्नायू आणि अवयव लहान, चरबी राखलेली, अशा या बाळांना 'सडपातळ, तरीही चरबीयुक्त' असे वर्णन चिकटले.

दिल्लीत जन्मापासून तरुणपणापर्यंत पाठपुरावा केलेल्या मुलांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तरुणपणी मधुमेहाकडे झुकलेली माणसे पहिल्या दोन वर्षांत बारीक होती आणि त्यानंतर, बालपणात, उंचीच्या मानाने त्यांचे वजन भराभर वाढत गेले होते, असे त्यात आढळले. या दोन्ही अभ्यासांचा अर्थ असा की, पहिली दोन वर्षे खुंटू न देणे महत्त्वाचे आहे आणि त्यानंतर मूल 'भरलेले' दिसावे म्हणून तूप-साखर-बिस्किटांचा मारा करणे घातक आहे. वजन वाढावे, पण लांबीच्या सोबतीने.

नोंद कुठे होते?

प्रत्येक गरोदर मातेला मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डात वाढीचा तक्ता छापलेला असतो. बऱ्याच घरांत ते कार्ड केवळ लसीच्या तारखांसाठी उघडले जाते आणि तक्त्याचे पान कोरे राहते. लसीकरणाच्या दिवशी वजन करून घ्यावे आणि तो ठिपका तेथेच समोर लावून मागावा. हे काम शहरातील महापालिकेच्या आरोग्य केंद्रात, गावातील अंगणवाडीत किंवा खासगी दवाखान्यात, कुठेही होऊ शकते. गंभीर कमी वजनाच्या बाळांसाठी सीपीआर, अर्थात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे जिल्ह्याचे मोठे शासकीय रुग्णालय उपलब्ध आहे.

पुढच्या वेळी कुणी 'बाळ बाळसे धरत नाही वाटते' असे म्हणाले, तर पालकांनी त्यावर वाद घालण्याचे वा खचून जाण्याचे कारण नाही. कार्ड उघडावे आणि रेषा पाहावी. ती चढती असेल, बाळ हसत-खेळत असेल, लंगोट ओले होत असतील, तर पाहुण्यांना चहा द्यावा. ती सपाट वा उतरती असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. दोन्ही वेळा निर्णय रेषेवरून घ्यावा, शेजारच्या मुलावरून नव्हे.